सहावा डोस

शलाकाचं अक्षर चांगलं होतं, आणि चांगल्या अक्षराच्या माणसाला घरात कोणी स्वस्थ बसू देत नाही. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते त्यानेच घालायचे, डब्यांवर धने-जिरे त्यानेच लिहायचं, आणि वर कौतुक ऐकून खूश व्हायचं. शलाकाच्या वाट्याला याहून एक काम जास्त आलं होतं. तिचे वडील अच्युतराव, म्हणजे घरातले आप्पा, इंदूरच्या एका कापड मिलच्या दवाखान्यात कंपौंडर होते आणि त्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. दहावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत ते तिला रोज सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. ते औषध कालवायचे, ही लेबलं लिहायची आणि बाटल्यांवर चिकटवायची. मिलमधले लोक बाटली हातात घेऊन म्हणायचे, "वा कंपौंडरसाब, लेबल है की शादी का कार्ड!" पोरगी फुगून जायची. पंधराव्या वर्षी माणूस कशानेही फुगतो.

दवाखान्यात आप्पांचा एकच कायदा होता. रिकामी बाटली धुऊन परत आणल्याशिवाय नवं औषध मिळणार नाही. मग मुकादम असो की झाडूवाला. खिडकीत उपड्या घातलेल्या बाटल्यांची रांग असायची आणि आप्पा ती रांग अभिमानाने बघायचे.

त्या सुट्टीनंतर मात्र त्यांनी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं नाही. विचारलं तर म्हणाले, आता तुझा अभ्यास वाढला. थोड्या दिवसांनी त्यांना औषधांवरून काढून मलमपट्टीच्या टेबलावर बसवलं, तेव्हा घरात सांगितलं की हात थरथरतो. पुढे एक्क्याण्णव साली मिलच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि हात थरथरतो की नाही हे विचारायलाही कोणी उरलं नाही.

आता त्र्याण्णवचा डिसेंबर होता. गावातली मिलची धुराडी एकेक करून थंड पडत होती, घराघरांत केबलच्या वायरी शिरत होत्या, आणि सांवेर रोडवर गोळ्या-कॅप्सुलांचे नवे कारखाने निघत होते. शलाका विद्यापीठात बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला होती. हट्ट आप्पांचा. "मी नुसता कंपौंडर राहिलो. तू शिक. कशात काय घालायचं नाही ते पक्कं शिकून घे," असं ते ॲडमिशनच्या दिवशी म्हणाले होते. स्वतः मात्र सुदामा नगरच्या घरात दिवसभर खुर्चीवर बसून जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापायचे. जुने कंपौंडर बाटलीच्या पाठीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवत, एक दाता म्हणजे एक डोस, तशा पट्ट्या. कागदाची घडी घालायची, कोपरा कातरायचा, उलगडलं की सारखे सहा डोस. चमच्यांच्या खणात चमचे कमी आणि पट्ट्या जास्त झाल्या होत्या. आई वैतागून फेकायची, हे पुन्हा कापायचे.

त्या सोमवारी सुमेधा मॅडमचं प्रॅक्टिकल होतं. मॅडम फटकळ, पण शिकवण्यात हात धरणारा कोणी नाही. आजचा धडा होता एकमेकांशी न जमणाऱ्या औषधांचा.

"कुचल्याचा अर्क आणि ब्रोमाइड," मॅडम म्हणाल्या. "वेगवेगळे असताना दोघंही शहाणे. एका बाटलीत आले की कुचल्यातलं विष बारीक खडे होऊन हळूहळू तळाशी बसतं. बाटली न हलवता माणूस वरचं वरचं पीत राहिला तर पाच दिवस त्याला काही होत नाही. सहाव्या दिवशी तळातलं सगळं एकदम पोटात जातं."

"म्हणजे मॅडम, खल्लास?" निशांतने विचारलं. निशांत शलाकाच्या टेबलावरचा जोडीदार, मल्हारगंजातल्या औषधाच्या दुकानदाराचा मुलगा. "पण अब मिक्श्चर पितं कोण? आमच्या दुकानात तर सगळं गोळ्यांच्या पन्नीत येतं."

"ज्याला बाटलीतलं कळत नाही, त्याला पन्नीतलंही कळत नाही. काम करा."

काम असं होतं की आज मिश्रण मुद्दाम चुकीचं बनवायचं, आठवडाभर कपाटात स्थिर ठेवून तळाशी काय बसतं ते बघायचं, आणि पुढच्या सोमवारी तेच औषध, खडे तळाशी घट्ट बसू नयेत म्हणून डिंक घालून, नीट बनवायचं. पट्टी लावायची, लेबल लावायचं. लेबलावर पेशंटचं नाव पाहिजेच. मॅडमचं म्हणणं असं की बिननावाची बाटली कोणाचीच नसते, आणि जी कोणाची नसते ती कोणीही पितं. पोरं मिस्टर एक्स लिहून मोकळी व्हायची. निशांतने हॉस्टेलच्या मेसवाल्याचं नाव लिहिलं. शलाकाने पेन टेकवलं आणि हात आपोआप चालला: श्रीकृष्ण ढवळे, लूम खाता, पहिली पाळी.

"हा कोण गं?" निशांतने वाकून विचारलं.

"माहीत नाही," शलाका म्हणाली, आणि ते खरंच होतं. नाव कुठून आलं ते तिला आठवेना. मॅडमनी सगळ्या बाटल्या विषाच्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मंगळवारी दुपारी सव्वातीनला शलाका कपाटाच्या काचेतून सहज बघायला गेली. ओळीत दहा बाटल्या होत्या. नऊ काठोकाठ. तिची बाटली बरोबर एका दात्याने खाली उतरली होती.

गळाली असेल म्हणून तिने खालची फळी पाहिली, ती कोरडी होती. बुधवारी दोन दाते. ना कमी ना जास्त. तिने निशांतला व्हरांड्यात गाठलं.

"तू केलंस?"

"अरे भिया, मी विष कशाला काढू? आईची शप्पथ." त्याचा चेहरा बघून तिला पटलं. थट्टा करताना निशांतला हसू आवरत नसे, आणि आता तो हसत नव्हता.

गुरुवारी सकाळी तिने मॅडमकडे किल्ली मागितली. बाटलीचं बूच मेण ओतून बंद करू का, वास येतोय, असं खोटंच सांगितलं. मॅडमनी समोर उभं राहून करू दिलं. बूच, वर मेणाचा जाड थर, त्यावर शलाकाच्या अंगठ्याचा ठसा. दुपारी पाहिलं तर ठसा जागच्या जागी आणि औषध तीन दाते खाली. मेणाच्या आत, बुचाच्या कडेला कापसाची पांढरी तूस चिकटली होती. सकाळी ती नव्हती. शलाकाने काचेला नाक लावलं. लॅबमध्ये नेहमी स्पिरिटचा वास असतो. तिथे गरम तेलाचा आणि दमट सुताचा वास येत होता. हा वास तिच्या ओळखीचा होता. मिलमधून परतलेल्या आप्पांच्या सदऱ्याला तो यायचा, आई त्या कपड्यांना वेगळी बादली ठेवायची.

भूत-बित मानणाऱ्यांतली ती नव्हती. सायन्सची पोरगी, वर जीभ तिखट. पण शुक्रवारी तीनला दहा मिनिटं कमी असताना ती स्टूल ओढून कपाटासमोर बसली. बाहेर लख्ख ऊन होतं, बागेत कोणी तरी पाइपने झाडांना पाणी घालत होतं. काचेपलीकडे बाटली स्तब्ध होती. तळाशी आता खड्यांचा पांढरा थर स्पष्ट दिसत होता आणि वरचं पाणी नितळ झालं होतं. तीन वाजले. पाण्याची पातळी तिच्या डोळ्यांदेखत, कोणी बाटली तिरपी करून नीट पट्टी बघून प्यावं तशी, हळू उतरली आणि दात्यावर येऊन थांबली. थर हललासुद्धा नाही. मग अगदी जवळ, तिच्या कानापाशी, बाहीने तोंड पुसल्याचा आवाज झाला.

ती ओरडली नाही. तिने पुन्हा पट्टीचे दाते मोजले. भीती होतीच, पण भीतीच्या खाली दुसरंच काही तरी तिला छळत होतं. तो माणूस बाटली हलवत नव्हता. चार डोस झाले. उद्या पाचवा. आणि मग तळ.

शनिवारी पाचवा गेला. बाटलीत एक दाता उरला, नुसता पांढरा गाळ आणि वर बोटभर पाणी.

रविवारी सकाळी आप्पा नेहमीप्रमाणे कात्री घेऊन बसले होते. आई देवळात गेली होती. शलाकाने समोर वेताचा मोढा ओढला.

"आप्पा, श्रीकृष्ण ढवळे कोण?"

कात्री थांबली. आप्पांनी कागदाची घडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवून ती सपाट केली.

"तुला कोणी सांगितलं?"

तिने सगळं सांगितलं. नाव कसं लिहिलं गेलं ते, मेण, तूस, तोंड पुसल्याचा आवाज. तिला वाटलं होतं, आप्पा म्हणतील की अभ्यासाने डोकं फिरलंय. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "किती राहिलाय?"

"एकच. काल पाचवा गेला. आज लॅब बंद आहे, आज गेला असेल तर..."

"आज नाही जायचा," आप्पा म्हणाले. "आज मिलला सुट्टी."

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

आप्पा आत गेले आणि आपली पत्र्याची ट्रंक उघडून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. पाठीवर पिवळी पडलेली सहा दात्यांची पट्टी होती. तळाशी पांढरा डाग वाळून घट्ट बसला होता. पुढे लेबल. श्रीकृष्ण ढवळे, लूम खाता, पहिली पाळी. गोल, टपोरं, कौतुकाचं अक्षर. तिचंच.

"विणकर होता. झोप नव्हती, अशक्तपणा होता, डॉक्टरने कुचला आणि ब्रोमाइड दोन्ही एकात लिहून दिलं," आप्पा सांगू लागले. "मला शिकवलेलं होतं तसं केलं. त्यात हलवून प्यायची चिठ्ठी लावावी लागते. पाळी सुटली की तीन वाजता नळावर उभा राहून प्यायचा, सगळ्यांना सांगायचा, कंपौंडरसाब की दवा से नींद आती है. सहाव्या दिवशी नळावरच पडला. चौकशीत मी लिहून दिलं, चिठ्ठी लावायची राहिली, चूक माझी." त्यांनी बाटली तिच्या हातात दिली. "इतक्या वर्षांत माझी ही एकच बाटली न धुता परत आली."

शलाका बाटली हातात फिरवत होती. लेबलाखाली तिच्या बोटाला काही लागलं. कागदाखाली कागद असावा तशी एक वाकडी कड होती. तिने आप्पांकडे पाहिलं.

"राहू दे," आप्पा चटकन म्हणाले. "जुना कागद आहे, फाटेल."

तिने ऐकलं नाही. वाटीत पाणी आणलं, फडकं भिजवून लेबलावर धरलं आणि खळ सुटेपर्यंत तशीच बसून राहिली. तिला आता आठवत होतं, आणि आठवू नये म्हणून काही करता येत नव्हतं. दवाखान्यातली गर्दी, आप्पांनी घाईत तिरकी चिकटवलेली लाल चिठ्ठी, आणि इतकी तिरकी चिठ्ठी बाटलीवर किती वाईट दिसते असं वाटून तिने तिच्यावरच सरळ, नीट, चारी कोपरे दाबून बसवलेलं आपलं देखणं लेबल. लेबल अख्खं सुटून आलं. खाली लाल अक्षरात छापलेलं होतं: हिलाकर पिएँ.

तिने बाटली दोघांच्या मध्ये ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं," शलाका म्हणाली.

"बाटली परत आली त्याच दिवशी."

"मग तुम्ही माझं नाव का नाही..."

"पंधरा वर्षांची होतीस तू. आणि बाटली देण्याआधी बघायचं काम कंपौंडरचं. मी नाव बघितलं, अक्षर बघितलं, खूश झालो आणि देऊन टाकली."

शलाका रडली. हमसून, अगदी लहान पोरीसारखी रडली. पाच वर्षं हा माणूस मलमपट्टीच्या टेबलावर आणि मग या खुर्चीवर तिच्या वाटणीची शिक्षा भोगत होता आणि ती त्याला पट्ट्यांवरून हसत होती. आप्पांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "उद्या तीनच्या आधी जा. शेवटच्या डोसात आता हलवून काही उपयोग नाही, सगळं तिथंच आहे. ती ओतून टाक. नवी कर. आणि डिंक नीट घोट, घाई करू नकोस."

मेलेल्या माणसाला काय विष बाधणार, असं तिच्या डोक्यात येऊन गेलं. पण तो दुसऱ्यांदा नळावर पडावा आणि तेही तिच्याच लेबलाच्या बाटलीने, हे तिला सहन होणार नव्हतं.

सोमवारी दुपारी प्रॅक्टिकल सुरू झालं तेव्हा बाटलीत डोस होता तेवढाच होता. रविवारी खरोखरच सुट्टी पाळली गेली होती. शलाकाने बाटली घेतली आणि सरळ मोरीत उपडी केली.

"ए, रिझल्ट दाखवायचा होता ना!" निशांत ओरडला.

"मॅडम, सांडली," ती म्हणाली. मॅडमनी तिच्या वहीत भोपळा काढला. शलाकाने मान खाली घालून तो घेतला आणि खलबत्ता पुढे ओढला. डिंक घोटला. हात दुखेपर्यंत घोटला. बाटली भरली, पट्टी लावली. मग आधी लाल चिठ्ठी घेतली आणि मध्यावर, सरळ, एकदा दाबून पुन्हा दाबून चिकटवली. लॅबमधली चिठ्ठी इंग्रजीत होती, म्हणून तिने खाली शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं: हिलाकर पिएँ. नावाचं लेबल तिच्याखाली, दोन बोटं अंतर सोडून. श्रीकृष्ण ढवळे, लूम खाता, पहिली पाळी. आणि अगदी तळाला, कंपौंडरच्या जागी, स्वतःचं नाव.

तीनला पाच मिनिटं होती. सगळे नळांवर भांडी धूत होते. ती बाटलीजवळ वाकली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "काका, चिठ्ठी मी झाकली होती. आप्पांनी नाही. मी."

तेलाचा वास आला, एकदम दाट, इतका की निशांतने मागे वळून विचारलं, काय जळतंय का. बाटली टेबलावर उभी होती, तळाशी खड्यांची पातळ रेघ बसलेली. तिच्याकडे बघता बघता ती रेघ सुटली. गाळ भोवऱ्यासारखा फिरत वर आला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि सगळं औषध दुधाळ झालं. मग पातळी एका दात्याने उतरली.

तिने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. हात सोडवला तेव्हा तळव्यावर वळ उठले होते.

त्यानंतर आठवडाभर ती रोज तीनला कपाटासमोर जायची. बाटली रोज आधी ढवळली जायची आणि मग उतरायची. शनिवारी सहावा डोस होता. शलाका त्या दिवशी मुद्दाम बाहेर पायरीवर बसून राहिली. तिच्याने बघवेना. साडेतीनला आत गेली.

कपाटाला कुलूप होतं. आत नऊ बाटल्या उभ्या होत्या आणि दहावी उपडी होती. स्वच्छ धुतलेली, बूच शेजारी काढून ठेवलेलं, तोंडाखाली फळीवर पाण्याचं ओलं कडं. लाल चिठ्ठी आणि लेबल दोन्ही जागच्या जागी होती.

घरी पोचली तेव्हा आप्पा फाटकापाशी उभे होते. आज त्यांच्या हातात कात्री नव्हती.

"परत आली," शलाका म्हणाली.

आप्पांनी फाटकाचा दांडा धरला. "धुतलेली होती?"

"हो. उपडी घातली होती."

आप्पांनी डोळे पुसले, तेही चोरून नाही, सरळ धोतराच्या सोग्याने, रस्त्यावर लोक जात-येत असताना. मग वळून आत गेले. शलाका चपला काढून मागोमाग गेली तर ते ट्रंक उघडून ती जुनी बाटली घेऊन मोरीकडे निघाले होते. तळाचा पांढरा डाग तसाच होता.

"आप्पा, इकडे द्या," शलाका पदर खोचत म्हणाली. "ती मी धुते."